रायझोबियमचं गाणं

लांब शब्दाला माणसं उगीच भितात, असं अण्णांचं म्हणणं होतं. शब्द केवढाही असो, गाण्याला त्याची शेपटी तेवढी लागते, बाकीचं धूड आपसूक ओळीत येऊन बसतं. सुपरफॉस्फेट हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तेव्हा मी लहान होते, पण तो कसा वठणीवर आला ते मला आठवतं. अण्णांनी त्यातलं सुपर आणि फॉस अंगणातच ठेवलं आणि 'फेट' तेवढं उचलून घरात आणलं. फेट, भेट, थेट. आईनं ताटं घेईपर्यंत 'सुपरफॉस्फेट, सुपरफॉस्फेट, घेऊन आलो थेट, रानाची अन् दाण्याची घालून देतो भेट' एवढं तयार होतं. जेवताना त्यांनी ते तीनदा म्हटलं, आणि तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "आता आमटी घेऊन भाकरीची अन् पोटाची बी भेट घाला."

अण्णा म्हणजे माझे वडील. बेंबळीत त्यांना सगळे शाहीर म्हणत. शाहिरी त्यांच्या घराण्यात नव्हती आणि पोटाचा धंदाही ती नव्हती; रान होतं, दोन बैल होते, त्यावर घर चालायचं. पण गळा पहाडी होता आणि यमक तर अंगात भिनलेलं होतं. शेतीखात्याचे, आरोग्यखात्याचे साहेब जीपमधून यायचे, अमुक खताचं गाणं पाहिजे, तमुक रोगाचं पाहिजे, असं सांगून जायचे, आणि मग अण्णांचं कलापथक बेंबळीपासून माकणीपर्यंत बाजारांतून, जत्रांतून ते गाणं गात फिरायचं. कलापथक म्हणजे तरी काय, तुणतुणं घेतलेले अण्णा, ढोलकीवर पाशूभाई आणि मागं झील धरायला दोघं. पाशूभाईंचं रान आमच्या रानाला लागूनच होतं. ढोलकी त्यांच्या हातात अशी बोलायची की गाणं नसलं तरी चाललं असतं, आणि त्यांचंही मत साधारण तसंच होतं.

एक पथ्य मात्र अण्णा पाळायचे. जे आपण स्वतःच्या रानात केलेलं नाही त्याचं गाणं म्हणायचं नाही. खताचं गाणं म्हणायच्या आधी खत आमच्या रानात पडायचं, फवारणीच्या गाण्याआधी फवारणी व्हायची. साहेबांना याचं हसू यायचं, पण लोकांना ते माहीत होतं. शाहीर म्हणतोय म्हणजे त्यानं करून बघितलंय, एवढ्या एका गोष्टीवर बाजारातली माणसं पिशव्या हातात धरून उभी राहायची. त्यांचा सगळा मान या विश्वासावर होता, हे मला तेव्हा समजत नव्हतं, नंतर समजलं.

आमचं घर माळवदाचं होतं. वरच्या सपाट धाब्याच्या मातीवर बारा महिने काहीतरी वाळत पडलेलं असायचं, मिरच्या, शेंगा, आमटीच्या येसरासाठीची ज्वारी, पेरणीचं बी. घरातल्या आवाजांचं म्हणाल तर पहाटे जात्याचा नाही, कारण पिठाची गिरणी आली होती. आमच्या घरात पहाटे तुणतुण्याची तार पिळल्याचा आवाज यायचा, त्यावर भाकरी थापल्याचा, आणि मधूनच अण्णांचं पुटपुटणं. ते रिकामं यमक चघळत बसायचे. तवा उतरला की आई त्याकडं लक्ष न देता एखादा शब्द चुलीपाशी बसल्या बसल्या टाकायची आणि तो बहुतेक बरोबर बसायचा. कारण यमकाच्या बाबतीत खरी तयार आईच होती. लग्नात, बारशात, संक्रांतीच्या हळदीकुंकवात नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की बायका आधी तिच्याकडं यायच्या. कुणाच्या नवऱ्याचं नाव नामदेव, कुणाच्या दगडू, कुणाच्या अप्पासाहेब, कसलंही नाव असो, आई त्याला जोडीदार काढून द्यायची. स्वतः अण्णांचं नाव विश्वंभर. त्याला तिनं अंबर लावलं होतं, शंभर लावलं होतं, आणि एकदा, नव्यानं गावात वीज आली तेव्हा, मीटरचा नंबरही लावला होता.

दहावीनंतर मी शास्त्र घेतलं आणि बेंबळीहून रोज एसटीनं कॉलेजला जायला लागले. कॉलेजच्या गावाचं नाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होतं. आमच्या घरात ते धाराशिवच होतं. कॉलेजात सगळं इंग्रजीतून. मराठीतून शिकलेल्या पोरीच्या कानावर एकदम एवढाले शब्द पडायला लागले, तेव्हा पहिले काही महिने मी घरी येऊन गुपचूप रडायचे. आईनं हे अण्णांना सांगितलं. ते रागावले नाहीत की समजूतही घातली नाही. दुसऱ्या दिवशी मी एसटीतून उतरून घरी आले तर म्हणाले, "आज कोन पाहुना आनलास?" मला कळेना. "लांबचा शब्द म्हंजी पाहुनाच की. त्याला बसायला पाट टाकावा लागतो. सांग."

मी म्हटलं, मायटोकॉन्ड्रिया. अण्णांनी तो तोंडात घोळवला. तो काय करतो, हे विचारून घेतलं. मग म्हणाले, "मायटोकॉन्ड्रिया, ताकदीची सारी क्रिया." तो शब्द मी आजतागायत विसरले नाही आणि त्याचं कामही विसरले नाही. त्यानंतर रोज एक पाहुणा ठरलेला. नायट्रोजनला भोजन आणि वजन, क्लोरोफिलला दिल आणि सामील, एन्डोसल्फानला रान आणि पान. रेटिक्युलमला त्यांनी मलम लावलं. डायकॉटिलेडॉनचा अर्थ मी सांगितला तेव्हा तर ते खूश झाले, कारण 'डाळी त्याच्या दोन' हे यमकही होतं आणि खरंही होतं. झायलेमला प्रेम अगदी हाताशी होतं, पण मुलीसमोर ते म्हणायला बाप लाजला आणि नेमावर काम भागवलं. प्रोटोप्लाझमला मात्र शेवटपर्यंत कुणी भेटलं नाही. पाशूभाईंना विचारलं तर ते म्हणाले, "शाहीर, इसकू छोटा करो." शब्द छोटा करता येत नाही म्हटल्यावर त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

आज माझा नातू पुण्यात बसून गाणी लिहितो. गाणी म्हणजे भराभर बोलणं असतं, पण यमक लागतंच. मध्यंतरी त्याला फोटोसिंथेसिस हा शब्द ओळीत हवा होता. त्यानं फोनला विचारलं आणि फोननं चुटकीसरशी दहा ओळी दिल्या, एकीला नाव ठेवायला जागा नाही अशा जुळलेल्या. मी चष्मा लावून वाचल्या. एका ओळीत झाडं चांदण्यात बसून अन्न तयार करत होती. यमक चोख होतं. मी म्हटलं, एवढी एक काढ, आणि त्यानं कारण विचारलं तेव्हा मला हे सगळं आठवलं. त्याला तेव्हा थोडक्यात सांगितलं, इथं सविस्तर लिहिते.

कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. नवरात्र नुकतंच उठलं होतं आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती. शेतीखात्याचे एक साहेब आले आणि त्यांनी अण्णांच्या हातावर एक पाकीट ठेवलं. आत काळी बुकटी होती, ओलसर, मातीसारखी. म्हणाले, हे रायझोबियम. हे गुळाच्या पाण्यात कालवायचं, हरभऱ्याच्या बियाला हलक्या हातानं चोळायचं, सावलीत वाळवायचं आणि लगेच पेरायचं. झाडाच्या मुळाला गाठी येतात, हवेतला नायट्रोजन फुकटात मिळतो. याचं गाणं करा. साहेब निघून गेल्यावर अण्णा बांधावर जाऊन बसले. 'बियम' ही शेपटी म्हणजे त्यांना मेजवानीच होती.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला म्हणून दाखवलं. सुरुवात अशी होती:

रायझोबियम, रायझोबियम,
पेरणीचा हा पहिला नियम,
मुळाला धरल्या गाठी, बाप्पा,
पीक राहील कायम.

आणि मग कडवं:

ऐका बायांनो, ऐका बाप्यांनो, सांगतो कानात,
गुळाच्या पाण्यात कालवून घ्या, ठेवा हे ध्यानात,
बियाला चोळून हलक्या हातानं वाळवा उनात,
मग बघा हरभरा कसा डोलतो रानात.

कानात, ध्यानात, उनात, रानात. चारी खुट्या एका ओळीत ठोकल्यासारख्या. आईनं मान हलवली, पाशूभाईंनी मांडीवरच ठेका धरला, आणि मला तर अभिमानच वाटला. अण्णांनी पथ्याप्रमाणे आधी आमच्या रानात करून बघायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बी चोळून माळवदावर पसरलं, उरलेली बुकटी पाशूभाई त्यांच्या बियाला घेऊन गेले. नवरात्रानंतरचं ते ऊन, ऑक्टोबरचं, पाय भाजणारं. दुपारपर्यंत बी कसं खडखडीत वाळलं. पेरणी झाली, चार दिवसांनी कोंब वर आले, आणि मग अण्णा गाणं घेऊन बाहेर पडले.

इतकं चाललेलं गाणं त्यांनी आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. बेंबळीच्या बाजारात पहिल्यांदा म्हटलं आणि पुढच्या बाजाराला लोक सोबत म्हणायला लागले. येडशीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या बायका ते गुणगुणताना पाशूभाईंनी ऐकलं. शेळ्यांमागं जाणारी पोरं रायझोबियम रायझोबियम करत जायची, आणि त्या शब्दाचा उच्चार आमच्या भागात आमच्या कॉलेजातल्या मुलांपेक्षा स्वच्छ झाला. लग्नसराईत एका नव्या नवरीनं उंबऱ्यावर नाव घेतलं, 'हरभऱ्याच्या बियाला रायझोबियम, बालाजीरावांची माया राहो कायम.' ते आईनं दिलेलं होतं, हे वेगळं सांगायला नको. साहेबही एकदा बाजारात येऊन गाणं ऐकून गेले, वा शाहीर म्हणाले, आणि त्यानंतर त्यांची बदली झाली. शब्दांकडं त्यांचं लक्ष नसावं. चाल फार गोड होती.

हरभरा फुलावर आला तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी सांगितलं, उद्या प्रत्येकानं एखाद्या डाळवर्गीय पिकाची झाडं मुळासकट आणायची, मुळांवरच्या गाठी बघायच्या आहेत. मला काय, घरचंच गाणं होतं. सकाळी आमच्या रानातून पाच-सात झाडं उपटली, माती झटकली आणि बघत राहिले. मुळं होती, गाठी नव्हत्या. म्हणजे एखाद-दुसरी होती, मोहरीएवढी. वाटलं, ही झाडं दुबळी असतील, म्हणून दुसऱ्या तासातून उपटली. तिथंही तेच. एसटीची वेळ होत आली होती. बांधापलीकडं पाशूभाईंचं रान होतं, हाताशी येतील ती चार झाडं तिथून उपटली. त्यांच्या मुळांना गाठींचे घोसच्या घोस लागलेले होते.

बाईंनी पात्यानं एक गाठ कापली. आत गुलाबी निघाली. त्या म्हणाल्या, ही जिवंत आहे, काम करतेय. मग आमची मुळं हातात घेतली आणि विचारलं, याला संवर्धक लावलं होतं का? मी म्हटलं, दोन्हीला लावलं होतं, एकाच पाकिटातलं. वाळवलं कसं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी वर्गात उभी राहून ती ओळ सांगितली. गाऊन नाही, नुसती सांगितली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, ते जिवाणू आहेत. जिवंत असतात. उन्हात ठेवलेस तर मरणारच की." आणि त्या पुढच्या मुलीकडं वळल्या.

येताना मी बांधावर पाशूभाईंना गाठलं. त्यांनी बी कसं वाळवलं होतं, ते विचारलं. "चोळलो, लिंबाच्या बुडाला तरटावर टाकलो, अन् जरा आडवा झालो. उठलो तर वाळल्यालं व्हतं," ते म्हणाले. पण गाण्यात तर उनात म्हटलंय, मी म्हटलं. पाशूभाईंनी माझ्याकडं नवल वाटून बघितलं. सगळ्या बाजारांतून ते गाणं त्यांनीच तर वाजवलं होतं. "बेटी, मी लफ्ज कुठं ऐकतो? मी मात्रा मोजतो," ते म्हणाले.

अण्णांना सांगायला मला भीती वाटत होती. ते मारतील, ओरडतील अशी नव्हे. हरभऱ्याच्या पाकिटांबद्दल गावात कुजबूज सुरू झालेली मी ऐकली होती. पाकीट लावलं काय न लावलं काय, सारखंच, असं लोक म्हणायला लागले होते. शाहिराचं रायझोबियम निस्तं गाण्यापुरतं, असं पारावर कुणीतरी बोललं होतं आणि ते अण्णांच्या कानावर गेलं होतं. त्यांना वाटत होतं, लोक मत्सर करतात. आणि आता त्यांच्याच मुलीनं येऊन सांगायचं, की लोकांचं बरोबर आहे आणि चूक तुमच्या सगळ्यात गाजलेल्या ओळीत आहे. पुढच्या पेरणीला पुन्हा सगळी माळवदं भरणार होती. मग मात्र शाहिराच्या शब्दावर कुणी थांबलं नसतं.

जेवायला भाकरी आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाना होता, वर कच्चं तेल आणि कांदा. घोळाना अण्णांचा जीव की प्राण. मी दोन्ही मुळं त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि बाई जे म्हणाल्या ते सांगितलं. अण्णा बराच वेळ भाकरी मोडत राहिले.

"पीक आलंय का न्हाय आपल्या रानात?" ते म्हणाले.

"आलंय. पण गाठी न्हाईत, अण्णा. ते आपल्या मातीमुळं आलंय, पाकिटामुळं न्हाय."

"ऊन काय अन् सावली काय. वाळल्याशी मतलब."

"सायबांनी काय सांगितलं होतं?"

त्यांनी घास हातात धरला आणि म्हणाले, "सावलीत म्हनला व्हता." मग घास परत ताटात ठेवून, "पर ते बसंना."

त्यांनी ते लपवलं नाही, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असंही त्यांना वाटत नव्हतं. आमच्याकडं जे वाळतं ते माळवदावर, उन्हात. सावलीत वाळवणं ही गोष्टच त्यांच्या ओळखीची नव्हती. कानात, ध्यानात, रानात या तिघांच्या मधे सावलीत म्हणजे भलताच पाहुणा, तर उनात स्वतःहून चालत आला. इतकं नेमकं जुळलं ते खोटं कसं असेल, असंच त्यांना आतून वाटलं असणार. जुळणं म्हणजेच खरं असणं, यावर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं. मला त्यांची दया आली, आणि बापाची दया येणं मला मुळीच आवडलं नाही.

"लोकांनी आता ते पाठ केलंय," अण्णा म्हणाले. "आता त्यात हात घातला तर गाणं मोडंल. चार खुट्यांतली एक उपटली की झोपडं ऱ्हातंय का?"

आई तव्यावरची शेवटची भाकरी उलटत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "माझं लगीन झालं तवा तुमचं नाव इश्वंभर. म्या त्याला अंबर जुळवलं, शंभर जुळवलं. कवा जुळलं न्हाय तर म्या नाव बदलून घेतलं न्हाय. उखाण्यात नवरा ठरल्याला असतोय. बाकीचं हलवायचं."

अण्णांनी घोळाना संपवला, हात धुतला, आणि ती दोन मुळं उचलून दिव्याशी नेऊन बघितली.

तो हिवाळा आणि उन्हाळा त्यांनी ते गाणं म्हटलं नाही. कुणी फर्माईश केली तर घसा बसलाय म्हणायचे. मनात मात्र 'सावलीत'ला जोडीदार शोधणं चालू होतं. ओळीत, झोळीत, दिवाळीत असं काही काही पहाटे ऐकू यायचं. पावसाळ्याच्या अखेरीला त्यांचं एक नवं कडवं तयार झालं आणि ते खरोखरच वाईट नव्हतं:

गूळ-पाण्यात कालवून चोळा, बी पसरा ओळीत,
वाळवा त्याला, बायाबाप्यांनो, लिंबाच्या सावलीत.

नवरात्र उठलं. पेरणीआधीचा बेंबळीचा मोठा बाजार होता. मी कॉलेज बुडवून गेले, आईही मिरच्या विकायचं निमित्त काढून येऊन बसली. पिंपळाखाली गर्दी जमली, कारण बऱ्याच दिवसांनी शाहीर रायझोबियम म्हणणार असं झीलकऱ्यांनी सगळीकडं सांगितलं होतं. अण्णांनी तार पिळली, पाशूभाईंनी थाप टाकली. सुरुवात सगळ्या बाजारानं म्हटली. मग अण्णांनी नवं कडवं घेतलं. ते 'ओळीत'पर्यंत पोचायच्या आत बाजार जुनं कडवं म्हणत होता. चाल तीच होती ना. दीडशे-दोनशे तोंडांतून वाळवा उनात, डोलतो रानात असं दणक्यात उठलं आणि अण्णांचं सावलीत त्यात कुणाला ऐकूसुद्धा गेलं नाही. त्यांनी पुन्हा घेतलं, आवाज चढवून. पुन्हा तेच. पुढं बसलेले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "शाहीर इसरला. वय झालं." आणि मग अण्णांना आठवण करून द्यावी म्हणून त्यांनी स्वतःच हात उंचावून जुनी ओळ मोठ्यांदा म्हटली.

मी आईकडं बघितलं. ती मिरच्यांच्या ढिगाकडं बघत होती.

अण्णांनी तुणतुणं खाली ठेवलं आणि पाशूभाईंच्या ढोलकीवर हात ठेवला. ढोलकी थांबली तसा बाजारही थोडा गप्प झाला. मग अण्णांनी जुनंच कडवं सुरू केलं, साथीशिवाय, सावकाश. सांगतो कानात. लोक म्हणाले, कानात. ठेवा हे ध्यानात. लोक म्हणाले, ध्यानात. बियाला चोळून हलक्या हातानं वाळवा, एवढं म्हणून ते थांबले. उनात, असं सगळा बाजार म्हणाला.

"सावलीत," अण्णा म्हणाले. चाल नाही, काही नाही, बोलल्यासारखं.

लोक हसले. अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा वाळवापाशी थांबले, पुन्हा उनात असं आलं, पुन्हा ते म्हणाले, सावलीत. आता हसणं वाढलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "शाहीर, जुळंना की."

"न्हाय जुळत," अण्णा म्हणाले. "जुळायचं न्हायच ते. जुळतंय ते चुकीचं हाय. म्या चुकीचं जुळवलं अन् माझंच रायझोबियम उनात मेलं. माझ्या रानात मुळाला गाठ न्हाय, ह्या पाशाच्या रानात हाय, त्यो लिंबाखाली झोपला म्हनून. आता ध्यानात ठिवा. जितं अडखळताल तितं सावली हाय."

बाजारात शाहिरानं असं बोलावं, हे कुणी ऐकलेलं नव्हतं. हसणं थांबलं. पाशूभाईंनी कुणी न सांगता ठेका धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा शब्द ऐकला. 'वाळवा' आल्याबरोबर त्यांनी दोन्ही हात ढोलकीवरून उचलले. त्या रिकाम्या जागेत अण्णा म्हणाले, सावलीत. पुढच्या वेळी पोरं म्हणाली, मग बायका म्हणाल्या. शेवटी ते आजोबाही म्हणाले, जरा नाराजीनं. अडखळायची जागा आली की सगळ्यांना मजा वाटायला लागली. नवं कडवं अण्णांनी परत कधी म्हटलं नाही.

पुढं ते गाणं तसंच राहिलं, एक पाय आखूड असलेल्या पाटासारखं. अण्णा गेले, पाशूभाई गेले, मी बरीच वर्षं मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि आता तेही संपलं. मध्ये एकदा बेंबळीला गेले होते, तिथं एका अंगणात कुणाची तरी सून चोळलेलं बी घेऊन माळवदाच्या जिन्याकडं निघाली होती. तिची सासू ओट्यावरून नुसती 'वाळवा' म्हणाली आणि गप्प बसली. सून माघारी फिरून ओसरीत आली. मी पुढं गेले.

पण मला सांगायचं होतं ते त्या बाजारानंतरच्या संक्रांतीचं. आमच्या घरी हळदीकुंकू होतं. अण्णांना त्या बाजारापासून काही लोक मोडका शाहीर म्हणायला लागले होते, चेष्टेनं, पण म्हणायचे. त्यांनी ते मनाला लावून घेतलं होतं. तुणतुणं खुंटीवरून उतरलं नव्हतं. बायका जमल्या, वाणाची सुगडी मधे, त्यात हरभऱ्याचे घाटे, ऊस, बोरं. पाळीपाळीनं नावं घेणं चाललं होतं, आणि अण्णा बाहेर ओट्यावर बैलाचं दावं वळत बसले होते, दार उघडं होतं. आईची पाळी आली तशा बायका सरसावून बसल्या. तिचं ऐकायलाच तर त्या यायच्या.

आई म्हणाली, "बी वाळवावं सावलीत, पेरावं रानात. विश्वंभररावांचं नाव घेते."

आणि थांबली. बायका वाट बघत राहिल्या. अंबर, शंभर, नंबर, काहीतरी येणारच होतं. एकीनं विचारलं, "पुढं?"

"पुढं काय न्हाय," आई म्हणाली. "नाव घेतलं की."

बाहेर दावं वळल्याचा आवाज थांबला होता. आईनं शेजारच्या बाईला हळद लावली आणि सुगड तिच्या पुढ्यात सरकवलं. थोड्या वेळानं ओट्यावरून अण्णा आत आले, कुणाकडं न बघता बायकांच्या मागून भिंतीच्या कडेनं गेले आणि खुंटीवरचं तुणतुणं काढून घेऊन बाहेर जाऊन बसले.